चुकार ताऱ्याचं वर्ष

बलरामच्या पायाला भिंगरी होती, असं त्याची बायको चंद्रावती म्हणायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं. जेवायला बसला तरी अर्ध्या भाकरीवर उठून दारात जायचा. रविवारी कांपातले, म्हणजे मजुरांच्या वस्तीतले, बाकीचे पुरुष पाय पसरून पडलेले असताना हा कोयत्याला धार लावायचा, आधीच लावलेल्या. रत्नागिरीला असताना तो गलबतावर खलाशी होता. नारळ आणि मीठ घेऊन मुंबईला जायचं, उतरवायचं आणि परत फिरायचं, असं त्याचं आयुष्य गेलेलं. मोरिशसला उसाच्या कामावर आल्यापासून त्याची सगळी हालचाल एका मळ्याच्या हद्दीत मावली होती, आणि त्याला ते सोसत नव्हतं.

हद्द कागदावर ठरलेली होती. मजुराने वर्षभराच्या करारावर अंगठा द्यायचा. वर्ष संपेपर्यंत परवान्याशिवाय मळा सोडायचा नाही. सोडला आणि रस्त्यावर सापडला तर भटक्या म्हणून तुरुंग. वर्ष संपलं की नव्या मळ्यावर जायला मोकळा. बलराम त्या मोकळ्या दिवसाकडे डोळे लावून बसायचा. त्याला वाचता येत नव्हतं, पण वर्ष मोजायची त्याची स्वतःची रीत होती. समुद्रावरच्या माणसाची रीत. आकाशातलं नक्षत्र दिवेलागणीला जिथे दिसलं, तिथेच पुन्हा दिवेलागणीला दिसलं की वर्ष झालं. मृग कधी कुणाला फसवत नाही, हे त्याला गलबतावरच्या म्होरक्या तांडेलाने लहानपणीच शिकवलं होतं.

कांप दे मास्कजवळच्या मळ्यावर त्याने अंगठा दिला त्या संध्याकाळी त्याला एक तांबूस तारा दिसला. पूर्वी त्या जागी तारा असल्याचं त्याला आठवत नव्हतं. दोन-तीन महिन्यांत तो विझत विझत दिसेनासा झाला. बलराम चक्रावला, मग खूश झाला. हजेरीला उशीर झाला की मजुरांवरचा सरदार तुलसीराम त्याला ‘चुकार ढोर’ म्हणायचा; बलरामने तोच शब्द ताऱ्याला दिला. चुकार. कळपातून निसटलेला. त्याने मनाशी ठरवलं, हा परत आला की आपलं वर्ष भरलं.

त्या ताऱ्याची युरोपातल्या जाणकारांना दोनशे वर्षांपासून ओळख होती. त्यांनी त्याला ‘मीरा’, म्हणजे नवलाची, असं लॅटिन नाव दिलं होतं. आज आपल्याला ठाऊक आहे की तो एक म्हातारा, अवाढव्य फुगलेला तारा आहे. तो फुगतो आणि आकसतो, अंगावरची धूळ आणि वायू भोवती सोडत राहतो, आणि त्या फुगण्या-आकसण्याबरोबर डोळ्यांना दिसतो किंवा दिसेनासा होतो. या सगळ्याला त्याला साधारण अकरा महिने लागतात. बारा नाही. बोरीबंदरापासून पोर्ट लुईपर्यंत कुणी ही गोष्ट बलरामला सांगणारं नव्हतं.

चुकार परत आला तेव्हा बलरामने गाठोडं बांधलं आणि भर दिवसा सडकेला लागला. फ्लाकच्या वाटेवर शिपायाने कराराची तारीख असलेलं त्याचं तिकीट पाहिलं आणि त्याला धरलं. महिना बाकी होता. बलरामने न्यायाधीशापुढे आकाशाकडे बोट दाखवलं, दुभाष्याने त्याचं काय भाषांतर केलं देव जाणे, कचेरीत हशा पिकला. काही दिवस त्याने रस्त्याची खडी फोडली. चंद्रावती तेवढे दिवस कांपात एकटी राहिली, आणि सरदाराची बायको रोज विहिरीवर विचारायची, “तुझं ढोर गोठ्यात आलं का गो?”

या प्रकरणातून बलरामने जो धडा घेतला तो उलटा होता. कागदात गोऱ्याने एक महिना घुसडला, असं त्याचं मत झालं. तारा काय, अंगठा घेत नाही आणि पगार कापत नाही; तो कशाला खोटं बोलेल.

तुरुंगातून सुटून उरलेला महिना भरल्यावर दोघांनी बों अक्योयच्या मळ्यावर नवा करार केला. तुलसीरामही तोवर तिथेच सरदार होऊन आला होता, त्यामुळे जुनं नाव बरोबर आलं. अंगठे दिले तेव्हा चुकार ऐन भरात होता. याच वर्षात चंद्रावतीला एक गोष्ट सापडली. मळ्याच्या कडेला बेटावरच्याच एका क्रिओल जमीनदाराची दगडाळ पट्टी पडून होती. खंडाने भाजीला द्यायला तो तयार होता, फक्त कराराचं वर्ष पुरं करून, तिकीट साफ ठेवून यावं. पोलिसांची नवी भानगड असलेला माणूस त्याला दारात नको होता. चंद्रावतीने पट्टी पाहिली. दगड काढले तर वांगी, मिरची, दुधी, सगळं होईल. मोरिशसला आल्यापासून प्रथमच तिला कुठे तरी थांबावंसं वाटलं.

ऊसतोडणी जोरात असताना एका संध्याकाळी बलराम दारातून आत आला तो भिंतीवरची झोळीच काढायला लागला.

“चुकार आला,” तो म्हणाला. “वर्ष झालं.”

चंद्रावतीने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. तिचं माहेर गणपतीपुळ्याच्या बाजूचं. संकष्टी तिने इथेही सोडली नव्हती. नवा करार झाल्यापासून, चंद्र पाहून उपास सोडला की ती खुंटीवरच्या सुताला एक गाठ मारायची. ते सूत तिने नवऱ्यापुढे धरलं. बारा व्हायला हव्या होत्या, दहाच होत्या.

बलरामने सुताकडे पाहिलंसुद्धा नाही. ढग आले असतील, तुझ्या दोन चुकल्या असतील, म्हणाला. ताऱ्याने चुकवलं तर समुद्रावर निम्मी गलबतं खडकावर जातील. मागच्या वेळी भर दिवसा गेलो ही चूक झाली, आता काळोख पडल्यावर जाऊ. फिनिक्सकडे नवा मळा निघालाय, तिथे कुणी ओळखत नाही.

“मी नाय येत,” चंद्रावती म्हणाली.

तो थांबला. ती असं कधी बोलली नव्हती.

“तुमी जावा. धरलं तर धरलं. माजी बारावी गाठ झाली की मी सुटेन, आणि पट्टी दुसऱ्याला गेली असेल तर कुठेतरी मोलाने जाईन. पण एक सांगते. गावात बांधाचं भांडण झालं तर पंच एकाच साक्षीवर निवाडा देत होते काय? शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारत होते. तुमी आपले त्या एकालाच विचारता, आणि त्याचं नावच चुकार ठेवलंय.”

बलराम झोळी घेऊन बाहेर पडला.

मळ्याच्या पूर्व हद्दीवर शेतातून वेचलेल्या काळ्या दगडांची रास होती. पलीकडे सडक. गस्तीचा शिपाई जाईपर्यंत थांबायचं म्हणून तो राशीवर टेकला. उतारावर ऊस, त्याच्या पुढे समुद्राची पट्टी, आणि समुद्राच्या जरा वर चुकार, तांबूस, ठळक. बलरामने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याला बरं वाटलं. मग चंद्रावतीचं बोलणं काट्यासारखं सलायला लागलं. शेजाऱ्यापाजाऱ्यांना.

शेजारी कोण? गलबतावर असता तर त्याने हे न सांगता केलं असतं. एका ताऱ्यावर कुणी सुकाणू धरत नाही. नव्या करारावर अंगठा दिला त्या दिवशी कचेरीबाहेर रांग लागली होती, रांगेत संध्याकाळ झाली होती, आणि कृत्तिकांचा झुबका उसाच्या शेंड्यांवर कासराभर चढलेला होता. ते त्याला स्वच्छ आठवलं. आज तोच प्रहर होता. कृत्तिका कुठे होत्या?

समुद्रावर नव्हत्या. उसावर नव्हत्या. चुकार एकटाच येऊन उभा होता, वऱ्हाडाच्या आधी मांडवात पोचलेल्या आगंतुकासारखा.

सडकेवरून शिपाई गेला. वाट मोकळी झाली. बलराम उठला, दोन पावलं उतरला, परत येऊन बसला. पुन्हा उठला, पुन्हा बसला. अखेर बऱ्याच वेळाने कृत्तिका पाण्यातून वर आल्या, धुरकट, आपल्या नेहमीच्या जागी, आपल्या नेहमीच्या वेळेला. दिवेलागणीलाच कासराभर वर दिसायला त्यांना अजून दोन महिने होते. सुतावरच्या गाठींइतकेच.

पहाटेच्या हजेरीला तुलसीरामने झोळीकडे पाहिलं. “चुकार परत आला वाटतं?”

“तो लबाड आहे,” बलराम म्हणाला. सरदाराला काही कळलं नाही.

ते दोन महिने बलरामने कसे काढले हे कांपाने पाहिलं. त्याच्या कोयत्याचं पातं झिजून निम्मं झालं. चुकार रोज वर चढत होता; बलराम त्याच्याकडे पाठ करून जेवायला बसायचा आणि भाकरी पुरी व्हायच्या आत वळून बघायचा. बाराव्या गाठीनंतर काही दिवसांनी कचेरीतून साफ तिकीट मिळालं. त्या संध्याकाळी कृत्तिका कासराभर वर होत्या.

पट्टीवर पहिलं भांडण दुधीच्या मांडवावरून झालं. चंद्रावतीला तो पूर्वेच्या अंगाला हवा होता, म्हणजे तिकडचं आकाशच दिसणार नाही. बलरामने दिवसभर नुसते दगड वेचले. मग त्याने खांब रोवून दिले, पूर्वेलाच. फक्त इतके बुटके, की दुधी काढताना ती जन्मभर वाकत राहिली आणि तो मांडवावरून समुद्र बघत राहिला.