सावळीबायच्या खळ्यावर विमान

सावळीबाय माझ्या जीपमध्ये चढताना चपला काढून हातात घेते. मुरबाडवरून निघालेली जीप, पंधरा माणसं कोंबलेली, आणि ही चपला मांडीवर ठेवून बसलेली. एकदा मी चिडवलं, "बाय, जीप हाय ही, देऊळ नाय." तर म्हणाली, "तुजं पोट हिच्यावर चालतं ना काळूराम? मंग हिच्यावर पायताण कशाला घालू?" वीस वर्षं मी जीप चालवतोय. जीपला एवढा मान कोणी दिला नाही. मीही नाही.

साठीची ठाकर बाई. नवरा नामा दहा वर्षांपूर्वी गेला, मुलगी दिपाली सासरी. तिच्याजवळ उरलं ते सिद्धगडासमोरचं वरकस, म्हणजे भाताला न चालणारी पण पावसाळ्यात नाचणी देणारी माळजमीन. लांबट आणि सपाट. त्या सपाटीवर साईनाथचा डोळा गेला. साईनाथ आमच्याच मुरबाडचा, एका कॅम्पवाल्यांचा मॅनेजर. दोन सीटच्या छोट्या विमानातून एकेक पाहुणा रानात आणायचा आणि दोन रात्री तंबूत ठेवायचा, हा त्यांचा धंदा. सरकारी परवानग्या त्यांनी मिळवल्या. सावळीबायनं जमीन वापरायला दिली, पण एका अटीवर. दिवाळीनंतर विमान, पावसात नाचणी.

"जमीन साफ आणि टणक करून ठेवा," एवढं सांगून साईनाथ निघून गेला. नाचणी काढल्यावर साफ आणि टणक जमीन म्हणजे काय, ते आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. खळं! सावळीबायनं वाडीतल्या बाया गोळा केल्या. खडे वेचले, पाणी शिंपलं, लाकडी चोपण्यांनी जमीन चोपली आणि साऱ्या गोठ्यांतलं शेण आणून सारवली. चारशे पावलं लांब आणि वीस पावलं रुंद. अठरा दिवस लागले. एवढं मोठं खळं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

आणि खळं म्हटलं की खळ्याचे नेम आले. खळ्यावर पायताण चालत नाही. मी पेट्रोलचे कॅन घेऊन गेलो तर मलाही अनवाणी चालायला लावलं. दुसरा नेम तिचा स्वतःचा. पहिली रास ताज्या सारवणावर पडली पाहिजे. म्हणून पहिलं विमान यायचं त्या पहाटे तिनं मोठ्या भक्तिभावानं पट्टीचा मधला भाग पुन्हा सारवून काढला.

विमान आलं, चाकं टेकली, आणि ओल्या शेणावरून जे घसरलं ते बाजूच्या नाचणीच्या सडांत, कापलेल्या खुंटांत जाऊन थांबलं. एका चाकाचा दांडा वाकला. पाहुणे ठाण्याचे बँकेतले साहेब होते. दार उघडून उतरले आणि तिथंच पाय घसरून शेणात बसले. मला हसू आवरेना. सावळीबाय मात्र रडवेली झाली होती.

साईनाथ दुसऱ्याच दिवशी कागद घेऊन आला. तीस वर्षांचा करार, वर सिमेंटची धावपट्टी.

"चूक तुमची, बाय. आता अंगठा द्या, नायतर लोक म्हनतील सावळीनं मानसं मारली असती."

"चूक माजी," ती म्हणाली. "ओलं ठेवलं, ती माजी चूक. पन शेनाची नाय. खल्याला तीन उन्हं लागतात. रईवारी इमान उतरव. घसरलं तर देते अंगठा."

"आनि नाय घसरलं तर?"

"तर तुजा कागद तू घेऊन जा. सिमिटात नाचनी उगवत नाय रे."

मला तेव्हा तिचा राग आला, खरं सांगतो. पैजेवर कोणी जमीन लावतं का? पण बोललेला शब्द तिनं कधी गिळला नाही, तो आता काय गिळणार!

विमान चालवणारी समीक्षा आटगावची, भातशेतीवाल्यांची मुलगी. मिस्तरी येऊन चाकाचा दांडा सरळ करून गेला होता. रविवारी सकाळी ती अनवाणीच सगळी पट्टी चालून आली, टाच आपटत, वाकून बघत. म्हणाली, "खडा एक नाय. इमानाच्या फिरत्या पंख्याला खड्यांचाच धोका असतो. पन चाचनी पाहुन्याएवढं वजन घेऊन झाली पाहिजे."

"वाळूच्या गोन्या टाका," साईनाथ म्हणाला.

"गोन्या कशाला?" सावळीबाय पुढं झाली. "मी हाय ना. खलं माजं. घसरलं तर मी बी घसरन."

समीक्षानं तिच्याकडे बघितलं. "मावशी, भीती नाय वाटत?"

"वाटते गो. बस तू, चल."

चपला माझ्या हातात देऊन ती विमानात चढली. पट्टा आवळला, विमान धावलं आणि उठलं. सिद्धगडाच्या दिशेनं गेलं, बारीक झालं. अख्खी वाडी माना वर करून उभी. तिच्या चपला मी छातीशी धरल्या होत्या हे मला नंतर कळलं. साईनाथ कागद आणि शाईचा पॅड घेऊन पट्टीच्या कडेला तयार.

विमान वळलं, खाली आलं. चाकं टेकली. सर्रर आवाज झाला, माझे डोळे मिटले. उघडले तेव्हा विमान सरळ रेषेत धावत येऊन पट्टीच्या शेवटच्या टोकाआधीच थांबलं होतं. धूळ नाही, खडा नाही. बायांनी असा गलका केला की झाडावरचे वानर पळाले.

साईनाथ धावत निघाला. "नशिबानं उतरलं! बाय, पुढच्याचा इचार करा, कागदावर—"

"पायताण काढ!" दार उघडायच्या आधीच आतून आवाज आला.

तो थांबला. इकडंतिकडं बघितलं. साऱ्या वाडीचे डोळे त्याच्या बुटांवर. शेवटी बसला खाली आणि सोडल्या नाड्या. सावळीबाय उतरली. समीक्षानं तिचा दंड धरला होता. तशीच चालत त्याच्यापर्यंत आली आणि अंगठ्याचं नख त्याच्या तोंडासमोर धरलं.

"वरून बगितलं मी. माजा तुकडा एवढासाच दिसतो, नखाएवढा." तिनं अंगठा मुठीत मिटला. "एवढासा बी नाय देनार."