ॲनेक्सचा वेगळा बँड

सुप्रभा टिपणीस गोड बाई नव्हती. कार्डिफच्या मराठी मंडळींत कुणालाही विचारा, तिच्याबद्दल आधी हेच सांगतील. संक्रांतीला कुणी हौसेने वड्या करून आणल्या, तर एक तुकडा तोंडात टाकून "पाक पुढे गेलाय" असं सगळ्यांसमोर म्हणणारी. हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये तिने सगळी नोकरी काढली आणि तिथली ज्युनियर मंडळी तिला टरकून असायची. नवरा, डॉक्टर शशिधर, अगदी उलट स्वभावाचा. जुना पेशंट टेस्कोत भेटला तरी ट्रॉली बाजूला लावून त्याच्या गुडघ्याची चौकशी करत उभा राहायचा. तो होता तोवर त्याच्याकडे बघून लोकांनी तिला चालवून घेतलं. तो गेला आणि घरचा फोन वाजायचा थांबला.

एकुलता एक मुलगा मिहीर इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकला, आयटीत. बायको आश्लेषा पुण्याची, मुलगी मायरा शाळेत. वडिलांचं सगळं आटोपल्यावर मिहीर आईला म्हणाला, "आई, एवढ्या घरात एकटी काय करणार? आमच्याकडे ये."

"मला तुझ्या बायकोच्या ओट्याशी उभं राहायचं नाही. आणि तिने माझ्या ओट्याशी राहू नये."

"म्हणून तर ॲनेक्स बांधू ना. गॅरेजच्या जागी. तुझी रूम, तुझं बाथरूम, तुझं किचन. दरवाजासुद्धा वेगळा."

कार्डिफचं घर विकलं. शशिधरचा जुना मित्र सतीश म्हणाला, "वहिनी, पैसे देण्याआधी एखाद्या सॉलिसिटरला विचारा." त्यावर सुप्रभा म्हणाली, "पोटच्या पोराशी कसला कागद?" पैसे मिहीरच्या खात्यात गेले आणि ॲनेक्स उभा राहिला. लहान, पण नीटनेटका. खिडकीपाशी हॉब, म्हणजे विजेची शेगडी, बाजूला सिंक. तिथे ती बांगडे तळायची, सोलकढी करायची, आणि खिडकी उघडी टाकायची. आश्लेषा मोठ्या घराच्या खिडक्या लावून घ्यायची. दोघी एकमेकींशी नीट बोलत. फक्त कमी बोलत.

मग व्हॅल्युएशनची, म्हणजे घरांची किंमत ठरवणाऱ्या सरकारी ऑफिसची, माणसं येऊन मोजमाप घेऊन गेली. इथे प्रत्येक घराला त्याच्या किमतीप्रमाणे एक बँड असतो, ए पासून वर चढत जाणारा, आणि त्या बँडवर कौन्सिल टॅक्स, म्हणजे इथली घरपट्टी, ठरतो. एके संध्याकाळी मिहीर ॲनेक्समध्ये आला, तो चेहरा पाडून.

"आई, तुला वेगळं किचन आहे, वेगळं दार आहे, म्हणून ते हे वेगळं घर धरतात. आमचा ई बँड आहेच, आता तुझा ए वेगळा लागला. म्हणजे दोन-दोन टॅक्स."

"मग माझा मी भरते."

"तसं नको गं."

"भरते म्हटलं ना."

दर महिन्याला तिच्या पेन्शनमधून मिहीरच्या खात्यात पैसे जाऊ लागले. मिहीर पुन्हा एकदाही "नको" म्हणाला नाही. आणि घरात एक नवा शब्द रुजला: आईचा टॅक्स. हीटिंग वाढवायचं म्हटलं की आईचा टॅक्स. सुट्टीला स्पेनऐवजी इथल्याच डेव्हनला जायचं ठरलं, तेही आईच्या टॅक्समुळे. मायरा एकदा मैत्रिणीला ॲनेक्स दाखवताना म्हणाली, "धिस इज आजी. शी कॉस्ट्स अ लॉट." दोघी हसल्या. सुप्रभाही हसली, कारण पोर गमतीत म्हणाली होती.

पुढच्या वसंतात मिहीर पुन्हा आला. या वेळी उत्साहात.

"मी बँड चॅलेंज करतोय. किचन काढलं की हे वेगळं घर राहत नाही. ॲनेक्स त्यांना टॅक्सच्या लिस्टमधून काढावाच लागेल. मग सगळे एका घरात, एका बँडमध्ये."

"आणि मी जेवू कुठे?"

"आमच्याबरोबर! अजून कुठे?"

आपला ओटा गेला की आपण या घरात पाहुण्या होणार, हे सुप्रभाला कळत होतं. पण तो "आईचा टॅक्स" ऐकून ऐकून ती थकली होती. आणि, हे तिने कुणाजवळ कबूल केलं नसतं, पण "आमच्याबरोबर" हा शब्द तिला आवडला होता.

"काढ," ती म्हणाली.

माणूस आला, हॉब, ओव्हन आणि सिंक घेऊन गेला. आश्लेषा भांडी खोक्यात भरायला मदत करत होती. "आई, ही कढई ठेवायची का चॅरिटी शॉपला द्यायची?"

"ठेवून कशावर ठेवू? तुझ्या डोक्यावर?"

आश्लेषाने कढई खोक्यात टाकली. नळाची तोंडं भिंतीतून बाहेर तशीच राहिली, शेगडीची मोठी वायरही. मिहीरने त्यांच्यापुढे एक उंच कपाट आणून उभं केलं.

"भिंत नीट करून घेत नाहीस?"

"नंतर बघू."

आणि "आमच्याबरोबर" म्हणजे काय, तेही लवकरच कळलं. मिहीर उशिरा यायचा, मायराचा डान्स क्लास असायचा, आश्लेषा लॅपटॉपसमोर खायची. सुप्रभाच्या दाराशी संध्याकाळी डबा यायचा. आश्लेषा बेल वाजवून, तो पायरीवर ठेवून जायची. कधी पास्ता, कधी मुगाची खिचडी. खिचडीत मीठ कमी असायचं. सुप्रभा ते मेसेज करून कळवायची. आश्लेषा अंगठा पाठवायची.

मग पाहणीचा दिवस आला. मिहीरने सुट्टी घेतली होती. "तू फार बोलू नकोस," त्याने आईला बजावलं. "हॅलो म्हण आणि बस."

व्हॅल्युएशनकडून जोआन नावाची बाई आली. केस आखूड, पायात चिखलाचे बूट, ते तिने दाराशीच काढले. तिने खोली पाहिली, बाथरूम पाहिलं, टॅबलेटवर काहीतरी टिपलं. मग सुप्रभाकडे वळून म्हणाली, "वय विचारलं तर राग नाही ना येणार?"

"एकाहत्तर."

जोआन मिहीरकडे बघून म्हणाली, "मग यांच्या ॲनेक्सवर तुम्हाला टॅक्स नसेलच. घरच्यांवर अवलंबून असलेलं पासष्टच्या पुढचं माणूस राहत असेल तर माफी मिळते. ते माझं काम नाही, कौन्सिलचं आहे. पण अर्ज केलाय ना तुम्ही?"

"हो, हो. माफी पहिल्या दिवसापासून आहे." मिहीर घाईने, खालच्या आवाजात, भरभर इंग्लिश बोलू लागला. म्हाताऱ्या माणसासमोर बोलतात तसा. "टॅक्सचा इश्यू नाही. घर विकायला काढतोय. एजंट म्हणतो, वेगळा बँड दिसला की बायर्स बिचकतात."

सुप्रभाने सगळी हयात इंग्लिश बोलणाऱ्या लॅबमध्ये काढली होती, हे तो त्या क्षणी कसा विसरला, त्यालाच ठाऊक. ती खुर्चीत बसून होती. तिचे हात मांडीवर होते. जोआन "ओके, मग माझं झालं" म्हणून टॅबलेट मिटत होती.

"जोआन," सुप्रभा म्हणाली, "त्या कपाटामागे पाहिलंत का?"

"आई," मिहीर मराठीत म्हणाला, "नको."

"ते हलतं. हलकं आहे. मिहीर, सरकव."

तो हलला नाही. शेवटी जोआननेच कपाट थोडं पुढे ओढलं आणि वाकून पाहिलं. बंद केलेले दोन नळ, सांडपाण्याचा पाइप, शेगडीची वायर. तिने फोटो काढले.

"मिस्टर टिपणीस, हे किचन काढलेलं नाही. झाकलेलं आहे," ती सौम्यपणे म्हणाली. ॲनेक्सचा बँड राहिला तो राहिलाच.

त्या क्षणी आपल्याला मजा आली, असं सुप्रभाने पुढे सतीशला सांगितलं. मान खाली न घालता सांगितलं.

जोआनची गाडी वळणावरून गेली आणि मिहीर दार लावून परत आला.

"काय केलंस हे?"

"खरं सांगितलं. माझ्याकडून कसले पैसे घेत होतास?"

"तुझं हीटिंग, तुझं पाणी, तुझं वायफाय, ते काय आभाळातून पडतं?"

"मग तसं सांगायचं. टॅक्स कशाला म्हणायचं?"

"कारण तू हिशोब मागितला असतास! बाबांकडे मागायचीस तसा. पै न् पैचा."

"घर विकून कुठे चाललात?"

"एडिनबरा. आश्लेषाला तिथे जॉब मिळालाय."

"आणि मी?"

आश्लेषा ॲनेक्सच्या दारात येऊन उभी होती. ती हळू आवाजात म्हणाली, "आई, तिकडे दोनच बेडरूम्स आहेत. आम्ही तुमच्यासाठी बघतोय काहीतरी."

"माझ्या घराच्या पैशांतून बांधलीय ही भिंत."

"आणि त्याच भिंतीतले नळ दाखवलेस तिला," मिहीर म्हणाला. "खरं सांगू? बाबा तुझ्याबरोबर एवढी वर्षं कसे राहिले, मला अजून कळत नाही."

सुप्रभा उठून उभी राहिली. आवाज चढवला नाही.

"बाबांच्या शेवटच्या दिवशी तू उशिरा पोचलास ना? ते ट्रेनमुळे नव्हतं मिहीर. मी फोनच उशिरा केला. तेच म्हणाले होते मला, मिहीरला बोलावू नकोस. मला त्याला बघायचं नाही."

हे धादांत खोटं होतं. शशिधर शुद्धीत होता तोवर दाराकडे बघत होता आणि मिहीर निघाला का, हे नर्सलाही विचारत होता. फोन तिने वेळेवरच केला होता. नेटवर्क नव्हतं, लागला उशिरा. सुप्रभाला हे सगळं माहीत होतं. तरी ती बोलली, आणि मिहीरचा चेहरा बघत राहिली. आश्लेषाने त्याचा हात धरला आणि त्याला मोठ्या घरात नेलं.

घर विकलं गेलं. एजंटची भीती फुकाची ठरली. घेणाऱ्या कुटुंबाला बायकोच्या आईवडिलांसाठी ॲनेक्सच हवा होता. वेगळा बँड ऐकून त्यांनी फक्त खांदे उडवले आणि राहायला येण्याआधी तिथे नवं किचन बसवून घेतलं.

मिहीरने आईच्या खात्यात काही रक्कम टाकली. किती, ते तिने कुणाला सांगितलं नाही. कार्डिफमध्ये घर घेण्याएवढी नव्हती, एवढं खरं. सतीशने तिला तिथेच एका चार मजली इमारतीत भाड्याचा फ्लॅट बघून दिला. सामान लावायला तो एकटाच आला होता. "वहिनी, मिहीरला एक फोन करा. ते हॉस्पिटलचं खरं काय ते सांगून टाका," तो म्हणाला. "आयुष्यभर मनात धरून बसेल तो."

"बसू दे."

मिहीर फोन करत नव्हता. मायरा करायची, रविवारी. तिचं मराठी अर्धं इंग्लिश, पण आजीशी ती हट्टाने मराठीच बोलायची. एका रविवारी ती म्हणाली, "आजी, एक विचारू? बाबा काल रडत होती. आबांचा बर्थडे होता ना. बाबा म्हणते, आबांनी त्याला नको म्हटला होता. हॉस्पिटलमध्ये. इज इट ट्रू?"

सुप्रभाच्या हातात चहाचा कप होता. तो तिने टेबलावर ठेवला. फोनमध्ये पोरीचा श्वास ऐकू येत होता. मागे कुठेतरी टीव्ही चालू होता आणि आश्लेषा कुणाला तरी काहीतरी सांगत होती. मिहीर त्या खोलीत असेल का, नसेल का.

"हो," सुप्रभा म्हणाली. "म्हटलं होतं."

"ओके," मायरा म्हणाली. मग तिने शाळेच्या नाटकात तिला झाडाचं काम मिळाल्याचं सांगितलं. पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्यानंतरच्याही नाही.