खुशाली
सरकीचा वास आला की मला परतूरची आमच्या बँकेची जुनी शाखा आठवते. शेजारीच जिनिंग होतं. हंगामात कापसाचे तंतू उडत येऊन कॅशच्या खिडकीवर बसायचे आणि ते पुसत पुसत मी नोटा मोजायचे. एका सकाळी शाखा उघडल्या उघडल्या एका आडत्याकडचा जुना हमाल चेक घेऊन आला. माझ्या बायकोचं ऑपरेशन आहे, आजारी शेठनं दवाखान्यातल्या खाटेवरूनच सही करून दिला, म्हणाला. सही बरोबर होती, खात्यात पैसेही होते. मी नोटा मोजल्या आणि पुढे सरकवता सरकवता सवयीनं विचारलं, "शेठची तब्येत कशी आहे आता?" त्यानं डोक्यावरची टोपी काढली. "पहाटंच गेले, मॅडम. चेक कालच दिल्ता. दुपारी मैत हाय, म्हणून जल्दी आलो." मी नोटा मागे ओढल्या. खातेदार गेल्याचं बँकेला कळलं की त्याच्या चेकवर पैसे देता येत नाहीत, हा कायदा त्याला सांगितला. आता शेठच्या वारसांना भेटा, हेही सांगितलं. त्यानं विचारलं, "मंग मी सांगितलंच नसतं तर?" "तर दिले असते," मी म्हणाले. त्यानं मान हलवली, चेक घडी करून खिशात ठेवला आणि मैताला गेला. आता मी दुसऱ्या शाखेत आहे. इथं लोक मला तुसडी म्हणतात. चेक घेऊन आलेल्या माणसाला मी कुणाची खुशाली विचारत नाही.