साबेराखाला लिलाँग्वेला आली

भोकरच्या बाजारात साबेराखालानं चाळीस वर्षं बांगड्या भरल्या. माझ्या मायच्या लग्नाचा चुडा तिनंच भरलेला. बायकांचे हात धरण्यात तिचं आयुष्य गेलं, पण तोंड लई फटकळ. मारणाऱ्याचा हात धरता येतो, बोलणाऱ्याचं तोंड न्हाई, असं माझी माय तिच्याबद्दल म्हणायची.

ती बाई इकडं आफ्रिकेत, लिलाँग्वेला येणार म्हणल्यावर माझी पाचावर धारण बसली. तिच्या पोराला, हमजाला, इथं मीच बोलावलं होतं. आम्ही दोघं बोअर पाडायच्या गाडीवर कामाला. गेल्या साली पोरगं मलेरियानं गेलं. गावाकडं न्यायचं जमलं न्हाई, इथंच दफन केलं. खालाला फोनवर मीच सांगितलं, अन् तवापासून ती माझ्याशी एक शब्द बोलली न्हाई. आता फोन आला तोही तिच्या नवऱ्याचा, चांदपाशाकाकांचा. म्हणाले, "बालाजी, तिला कबर बघायची हाय. माझे गुडघे गेले. तू सांभाळून ने."

विमानतळावर साहेबानं काहीतरी विचारलं, खालानं मान हलवली, त्यानं पर्यटक म्हणून शिक्का मारून दिला. या शहरात पर्यटक फिरकत न्हाई. फिरकला तो आमच्या भोकरचा.

टॅक्सीत ती खिडकीला नाक लावून बसली. रुंद रस्ते, झाडं, मधीच मक्याची कणसं भाजणारी एखादी बाई.

"माणसं कुठं गेली रे सगळी?" ती म्हणली. "विष्णुपुरीच्या कॉलेजला सुट्ट्या लागल्यावानी दिसून राहिलं."

वर्षभरानं माझ्याशी बोललेले हे पहिले शब्द. हमजाचं नाव काढलं न्हाई. मी भित्रा, टॅक्सीवाल्याला रस्ता सांगत बसलो.

दुसऱ्या दिवशी घरमालकीण भेटायला आली. खालानं सोबत आणलेल्या पेटीतून बांगड्या काढल्या, मालकिणीचा अंगठा आत दुमडला, बोटांचे सांधे दाबले अन् गप्पकन चार बांगड्या चढवल्या. संध्याकाळपर्यंत ओसरीवर गल्लीतल्या बायकांची रांग. भाषा हिची त्यांना कळंना, त्यांची हिला. कुणाचं काही अडलं न्हाई.

तिसऱ्या दिवशी कबरस्तानात गेलो. मी गेटातून आत शिरलो, वळून बघतो तर खाला बाहेरच उभी, ओढणी डोक्यावर घट्ट.

"चला की."

"आमच्यात बायका आत जात न्हाईत. तू जा. त्याला माझा सलाम सांग."

माझं डोकंच फिरलं. "अवो खाला, इतकं विमानात बसून आलात ते गेट बघायला?"

"रीत म्हणजे रीत. जा तू."

मी गेलो. कबरीवरचं गवत उपटलं, माती सारखी केली. हमजाला सांगितलं, तुझी माय आली हाय. अन् परत गेटावर आलो.

"झाड हाय का जवळ?"

"हाव. आंब्याचं. दुपारी सावली पडते त्याच्यावर."

"माती कुणी दिली रे त्याला?"

आता हिशेब होणार, असं वाटलं. म्हणलं, "नमाज इथल्या लोकांनी पढली. पण त्याला खाली मी उतरवलं. पहिली मूठ मीच टाकली. मला तुमचं काही येत न्हाई, खाला. चुकलं असंल तर माफ करा."

तिनं माझा उजवा हात धरला. चाळीस वर्षांत बाजारात कुण्या गड्याच्या हाताला तिनं बोट लावलं नव्हतं. अंगठा आत दुमडला, एकेक सांधा दाबत राहिली. माझ्या नखांत कबरीची माती तशीच होती.

"कुण्या परक्यानं माती टाकली असंल, या भीतीनं वर्षभर तुला विचारलं न्हाई," ती म्हणली.

अन् माझा तो मातीचा हात तिनं डोळ्यांना लावला. टॅक्सीत बसलो तरी सोडला न्हाई.