चालला, पण का चालला?

प्रोग्राम चालला नाही, तर बाई कधी रागवायच्या नाहीत. रागवायच्या तो पहिल्या झटक्यात चालला तर. स्क्रीनवर बरोबर उत्तर उमटलं आणि पोरगा ऐटीत खुर्चीवर रेलला, की बाई मागे येऊन उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "चालला? का चालला?" ते सांगता आलं नाही तर जर्नलवर सही मिळायची नाही. कॉलेजात बाकी सगळ्या मॅडम होत्या. या एकट्या 'का-बाई'. आम्ही त्यांना असं म्हणतो हे त्यांना ठाऊक होतं आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नसे.

बाई मूळच्या गणिताच्या. बी.एस्सी.ला कॉम्प्युटर सायन्स सुरू झालं तेव्हा ते शिकलेली माणसं मिळेनात, म्हणून गणिताच्याच लोकांना कामाला लावलं होतं. इतर शिक्षक ही गोष्ट झाकून ठेवत. बाईंनी पहिल्याच तासाला सांगून टाकलं, "मी तुमच्यापेक्षा एक धडा पुढे आहे. ज्याचे दोन वाचून झाले असतील त्याने इथे यावं, मी बाकावर बसते." आपल्या पुण्यात पत्ता विचारला तर माहीत नसलेला माणूससुद्धा ठामपणे हात दाखवून मोकळा होतो. अशा गावात 'मला माहीत नाही' हे वाक्य बाई पानात आवडती भाजी पडल्यासारख्या खुशीत म्हणायच्या. म्हणायच्या आणि लगेच शोधायला बसायच्या.

आमची लॅब म्हणजे देवघरच होतं. चपला बाहेर काढायच्या, आत हळू बोलायचं. एसी होता, पण तो मशीनसाठी; आपण थंडीने काकडलो तरी हरकत नव्हती. तिसऱ्या वर्षी खंडेनवमीला लॅबच्या शिपायाने प्रत्येक कॉम्प्युटरला हार घातला, हळदकुंकू वाहिलं आणि मनोभावे अक्षता टाकल्या. कोपऱ्यातल्या मशीनवरच्या अक्षता फ्लॉपीच्या फटीतून आत गेल्या. दुसऱ्या दिवशी ते मशीन फ्लॉपी वाचेना. शिपाई रडकुंडीला आला. बाई बुधवार पेठेतून आणलेला स्वतःचा स्क्रू ड्रायव्हर घेऊन खाली मांडी घालून बसल्या. "याला भात का पचत नाही, बघू या," म्हणाल्या. तांदूळ निघाले, पण फ्लॉपी पुढे कधी चालली नाही. त्यामुळे त्या मशीनला कोणी हात लावेनासं झालं आणि ते कायम रिकामं सापडतं म्हणून माझं झालं.

मी धायरीचा. तेव्हा आमच्याकडे शेती होती आणि वडिलांचा मार्केट यार्डात कांद्याचा गाळा होता. त्यांनी मला आधीच बजावलं होतं, "नापास झालास तर जूनपासनं गाळ्यावर यायचं. कंप्युटर-बिंप्युटर बास." त्यामुळे शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट मी जिवावर उदार होऊन केला. कांद्याची आवक घ्यायची आणि शेतकऱ्यागणिक पोत्यांच्या वजनाची बेरीज करायची. कोपऱ्यातल्या मशीनवर तो चोख चालला. परीक्षेला दोन दिवस उरले असताना बाई म्हणाल्या, "दारापाशी जे मशीन आहे, त्यावर दाखवा." कोपऱ्यातलं मशीन फ्लॉपी घेत नव्हतं, म्हणून तिथे सगळा प्रोग्राम पुन्हा टाइप केला. बेरीज भलतीच आली. तिसऱ्या मशीनवर आणखी वेगळी. कोपऱ्यात परत गेलो, तर पुन्हा बरोबर.

मित्र म्हणाले, मशीनचा गुण असतो, तू कोपऱ्यातच परीक्षा दे. घरी सांगितलं तर वडील म्हणाले, "चालतंय न्हवं? मग चालत्या गाडीला कशाला खीळ घालतोस?" मलाही ते पटलं होतं. बाईंना मी म्हणालो, "बाई, इतर मशीनवर का चालत नाही, ते कळत नाही."

"प्रश्न चुकला," बाई म्हणाल्या. "कोपऱ्यात का चालतो?"

"तुम्हीच सांगा ना."

"मला माहीत नाही. अहो कांदेशेठ, तुमच्या गाळ्यावर पोतं काट्यावर ठेवण्याआधी काय बघतात?"

"काटा शून्यावर आहे का ते," मी म्हणालो, आणि प्रोग्राम पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला घेतला.

बेरीज ज्या जागेत साठवायची ती जागा मी आधी शून्य केलीच नव्हती. दिवाळीनंतर सगळ्या मशीनवर मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर चढवलं होतं. मशीन सुरू झालं की ते मेमरीत येऊन बसायचं, त्याचा काहीबाही कचरा माझ्या जागेत उरायचा आणि माझी बेरीज त्या कचऱ्यापासून सुरू व्हायची. हे सॉफ्टवेअर फ्लॉपीवरून आलं होतं. कोपऱ्यातल्या मशीनला फ्लॉपी चालत नव्हती, म्हणून ते तिथे चढलंच नव्हतं आणि तिथली जागा कोरी राहिली होती. हा माग काढायला मला आणि बाईंना अख्खी दुपार लागली. शेवटी दुरुस्ती निघाली एका ओळीची.

परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी मला दारापाशीच बसवलं. बेरीज बरोबर आली. "चालतो. पुढचा," ते म्हणाले.

"थांबा," शेजारून बाई म्हणाल्या. "आधी कोपऱ्यात का चालत होता?"

"खंडेनवमीच्या अक्षतांमुळे," मी म्हणालो आणि सगळं सांगितलं. सर पोट धरून हसले. बाई एवढंच म्हणाल्या, "बरं." पुण्यात याहून मोठं कौतुक नसतं. वडिलांनी गाळ्यावर पेढे वाटले.

पुढे मी याच धंद्यात पडलो. आजही एखादी गोष्ट पहिल्या फटक्यात जमली की मला आनंद होण्याआधी धास्ती वाटते. बाईंकडे जाणं चालू राहिलं. त्यांचं हृदय अशक्त झालं होतं. "डॉक्टर म्हणतात, चालतंय ते नवल," असं त्या मोठ्या कुतूहलाने सांगायच्या, जणू दुसऱ्याच कोणाची केस. तशाच त्या बरीच वर्षं राहिल्या.

त्या गेल्या त्या दिवशी मी दवाखान्यात पोहोचलो, तेव्हा एक तरुण डॉक्टर त्यांच्या भाचीला हृदय का थांबलं ते समजावत होते. माझे डोळे भरून आले होते, पुढचं नीट ऐकूही येत नव्हतं. तरी तोंडून गेलंच, "पण डॉक्टर, इतके दिवस का चाललं?"

डॉक्टरांनी हातातले कागद खालीवर केले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "खरं सांगू? मला माहीत नाही."

बाई असत्या, तर त्यांनी तिथल्या तिथे डॉक्टरांच्या जर्नलवर सही केली असती.