ओळ टाकून थांबायची सवय

चेन्नईत एग्मोरच्या एका गायनवर्गात एकल गायनाची एकच जागा होती आणि ती मला हवी होती. माझ्या पात्रतेबद्दल मला शंका नव्हती. तीन वर्षं गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यांच्या गेटवर मी माइकशिवाय घोषणा दिल्या होत्या. शेवटच्या रांगेतल्या बाईलाही ऐकू जायच्या.

निवडचाचणी पियानोच्या साथीनं होती. म्हणून तिरुवल्लिकेणीतल्या एका मामींकडे तालमीला जाऊ लागले. मामी तंजावरकडच्या मराठी घरातल्या, शाळेत पियानो शिकवून निवृत्त झालेल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी नोटेशन मागितलं. मी गाण्याचे शब्द छापलेला कागद दिला, ठळक अक्षरांत, पाठपोट.

त्यांनी तो उलटून पाहिला. "हे कुठल्या सभेत वाटायचं गे?"

मग मी गायले. एक ओळ झाली की थांबायचे आणि पियानो पुढे निघून जायचा. चौथ्यांदा तसंच झाल्यावर मी सुनावलंच, "मामी, साथ म्हणजे सोबत. तुम्ही मला मागे टाकून जाताय."

"मी मात्रा मोजून जाते. तू कोणाची वाट बघतीस?"

गेटवर मी ओळ टाकायचे आणि बायका ती उचलायच्या. इथे उचलायला कोणी नव्हतं.

"सरी, बरं," मामी म्हणाल्या. "आता मी हात करीन तशी गायची."

त्या एका हातानं वाजवत आणि दुसऱ्यानं मला हवेतून पुढे ढकलत. असल्या हुकूमशाहीविरुद्ध मी पत्रकं लिहिलेली आहेत. तरी तीन आठवडे मुकाट्यानं ढकलली गेले.

चाचणीत मी एकदाही थांबले नाही. श्वाससुद्धा चोरून घेतला. परीक्षक बाई म्हणाल्या, "आवाज दणदणीत आहे. पण एकल गायनाला नाही, समूहगानात घेऊ. तिथे दुसऱ्यांचं ऐकायला शिकाल."

दुसऱ्यांचं ऐकायला. मला.

जिना उतरता उतरता निषेधाचा मसुदा तयार झाला. खाली थांबलेल्या मामींना तो तोंडी ऐकवला.

"मुद्दे चांगले आहेत," त्या म्हणाल्या. "तालीम कधीपासून?"

"सोमवारी. सहाला."

मसुदा अजून कागदावर उतरायचाय. सोमवार मात्र मी चुकवलेला नाही. मागच्या रांगेत, डावीकडून तिसरी उभी असते. शेजारणीचा आवाज अजून ऐकू येत नाही. तिनं जरा मोठ्यानं गायला हवं.