चुन्याचा डाग

ही गोष्ट सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं. आज दवाखान्याबाहेरच्या बाकावर एकाने चुना घालून तंबाखू मळली, थापटून भुकटी उडवली आणि शेजारच्या अनोळखी माणसापुढे हात केला. त्यानेही मुकाट्याने चिमूट उचलली. मळलेल्या तंबाखूला आमच्यात कोणी नाही म्हणत नाही.

सदाशिव आणि मी छापखान्यात शेजारच्या यंत्रांवर होतो. मळायचो मी, खायचो दोघं. एकदा गाल ओढून त्याने आतला पांढरा डाग दाखवला.

"डॉक्टरकडे जाऊ का रे?"

"चुन्यानं पोळलंय. नव्या नवरीसारखा घाबरतोस काय? तूप लाव."

तो वर्षभर तूप लावत राहिला.

पुढे त्या डागाची गाठ झाली, कॅन्सरची. डॉक्टरांनी समजावलं, की पेशीच्या अंगावर निरोप टिपणारे बारीक ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, असतात, दारावरच्या घंटेसारखे. बाहेरून निरोप आला की ते आत कळवतात, 'वाढ.' सदाशिवच्या गाठीत ते बेसुमार झाले होते. घंटा थांबतच नव्हती.

एवढ्याशा पेशीला निरोप कळतो. माझ्यापुढे तोंड उघडून उभ्या असलेल्या माणसाचा मला कळला नाही.

शस्त्रक्रियेनंतर त्याची वाचा गेली. मी भेटायला गेलो तेव्हा डोळ्यांनी हसत त्याने तळहात पुढे केला, जुन्या सवयीने. मी त्यावर मोसंबं ठेवलं. त्याला आता तोंडाने खाता येत नाही, हेही विसरलो. मग बसची वेळ झाली म्हणून उठलो.

"सदा, चुकलो रे," एवढंच म्हणायला गेलो होतो.